घोडा रंध्याचा होता

मी, सिंधुताई हिरालाल मेंढे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, धंदा घरकाम, राहणार कैंप-१, भिलाई, जिल्हा दुर्ग, आज पोटभर जेवून, शुद्धीत, कोणाच्या धाकात नसताना हा मृत्युपत्राचा कागद माझ्या हातानं लिहून ठेवते. वकिलानं सांगितलं, "शरीरप्रकृती ठीक" असं लिहा. गुडघे ठीक नाहीत, बाकी ठीक. डोकं तर गेल्या छत्तीस वर्षांत एवढं ठीक नव्हतं. मी खूश आहो. मरणाचा कागद लिहिताना बाई का हसून राहिली, असं वकिलाच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं खालचं वाचावं म्हणजे समजन.

नवऱ्याचं नाव कागदात लिहा लागते म्हणून लिहिलं. ते २०१६ साली वारले. यापुढं मी त्यांना सुशीलचे बाबा म्हणीन, तीच सवय आहे. सुशील आमचा एकच पोरगा, सुपेल्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. गुंजन त्याची पोरगी, म्हणजे माझी नात, दुर्गले मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राहिली. हा कागद मुख्यतः सुशीलनं वाचावा म्हणून आहे. बाकीच्यांनी वाचला तरी चालन.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मनात एक केलं होतं, त्यात नुसत्या शिव्या होत्या. ते रद्द समजावं.

कलम १. घर. कैंप-१ मधलं दोन खोल्या, ओसरी आणि मागचं आंगण असलेलं घर सुशीलले द्यावं. अट नाही. ओसरीच्या लाकडी खांबाले डोक्याच्या उंचीवर एक खाच आहे, ती कोणी लांबी भरून बुजवू नये. ती देवरावच्या फावड्याची आहे.

देवराव माझा लहान दीर. दोघं भाऊ आमगावकडून एकाच वर्षी आले आणि भिलाईच्या स्टील प्लांटाच्या पॅटर्न शॉपात लागले. पॅटर्न शॉप म्हणजे प्लांटातलं सुतारखातं. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा लाकडी जुळा करा लागते, तो वाळूत दाबतात आणि त्या खळग्यात रस ओततात. सुशीलचे बाबा ते जुळे बनवत. देवराव त्यांना लाकडं उचलून देई. घराचा कागद थोरल्याच्या नावावर, कामात नावही थोरल्याचं, ते देवरावले पचलं नाही. एक दिवस फावडा घेऊन आला. डोकं चुकलं, खांब लागला. सुशीलच्या बाबांनी त्याले खाली पाडून त्याच्या कानाची पाळी चावून तोडली. ती अजून अर्धीच आहे, कोणाले पाहायची असन तर पाहून घ्यावी. आमच्या घराण्यात भांडण तोंडानं सुरू होते आणि तोंडानंच संपते.

त्या दिवशी सुशीलच्या बाबांनी तोंडातलं रक्त थुंकून साऱ्या गल्लीसमोर म्हटलं, "पुढच्या वेळी तुले गोळी घालीन." हे वाक्य लक्षात ठेवावं. सगळ्यांनी ठेवलं होतं. मीही.

कलम २. स्वयंपाकघर. पितळेची परात, दोन गंज, मोठी कढई गुंजनले. ती स्वयंपाक करत नाही, पण तिच्या हातात काहीतरी जड असलं पाहिजे. लोखंडी खलबत्ता शीलाले. शीला ही देवरावची बायको, माझी जाऊ, लग्न होऊन १९९२ साली आली. या खलबत्त्याच्या बत्त्यानं मी १९८८ साली सार्वजनिक नळावर देवरावचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. एकाच घावात. बायकांनी बादल्या सोडून मले धरलं, नाहीतर दुसरंही मोडत होती. शीलानं बत्ता कशासाठी वापरावा, ते तिचं तिनं ठरवावं. मिरे चांगले कुटले जातात.

सोन्याची पोत सुनेले. ती बोलत नाही, पण पाय चेपून देते.

कलम ३. पत्र्याच्या डब्यातल्या वस्तू. या कागदाचं मूळ हेच आहे म्हणून सविस्तर लिहिते. वस्तू अशा: वीतभर लोखंडी नळी एक. स्प्रिंग एक. बोटभर रुंद टोकदार पातं एक. हातभर लांब पितळी पट्ट्या दोन, त्यांना स्क्रूची भोकं. आणि एक वाकडा लोखंडी तुकडा, अंगठ्याएवढा, ज्याले सुशीलचे बाबा "घोडा" म्हणत.

१९८८ ची होळी. त्यांनी एक अवजार घरी बनवलं होतं, ते मोकळं करून तेल देऊन राहिले होते. लोखंडी-पितळी तुकडे पेपरावर, खाटेखाली. लाकडी भाग अळशीचं तेल लावून आंगणात ठेवला होता. संध्याकाळी देवराव आला, आंगणातली लाकडं उचलून होळीत टाकायले घेऊन गेला. मले वाटलं, सणाच्या दिवशी त्याचं मन बदललं. सकाळी पोलीस आले. देवरावनं चौकीवर सांगितलं होतं की भाऊ मले मारायले कट्टा, म्हणजे देशी पिस्तूल, बनवून राहिला.

खाटेखालून पेपर ओढला. नळी, स्प्रिंग, सगळं तेलात. साहेबानं तो वाकडा तुकडा उचलला.

"ये क्या है?"

"घोडा है साहब."

"किसका घोडा?"

"मेरा. मैंने खुद बनाया."

पिस्तुलाच्या चापाले घोडा म्हणतात हे लहान पोराले माहीत आहे. साहेबानं पुढं काही विचारलं नाही. घरातच मार सुरू झाला. सुशील नऊ वर्षांचा होता, ओसरीच्या खांबाले धरून उभा होता, त्यानं सगळं पाहिलं. चौकीचं नाव मी लिहीत नाही, ते सगळे आता म्हातारे झाले असतील किंवा मेले असतील. तिथं तीन दिवस एकच प्रश्न, एकच उत्तर. "क्या है?" "घोडा." खरं बोलले की मार. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हात टेबलाच्या पायाखाली ठेवून टेबलावर दोघं बसले. तीन बोटं गेली, म्हणजे हातालेच होती, पण कामाची नव्हती.

दुर्गच्या कोर्टात अकरा महिन्यांनी सुटले. तपासणाऱ्या साहेबानं लिहून दिलं की या नळीच्या आत आटे आहेत, यातून गोळी जाऊच शकत नाही. पण "कट्टा नाही" एवढंच लिहिलं, "काय आहे" ते कोणी लिहिलं नाही. गल्ली म्हणाली, सुटला म्हणजे ओळख लावली असन. नोकरी राहिली, पण सुताराचा हात गेला. रिटायर होईपर्यंत चाव्या सांभाळल्या. डबा मात्र सील लावून घरी परत आला.

आता माझा गुन्हा. वकील म्हणाला हे मृत्युपत्रात लागत नाही. मले लागते.

मी त्यांना विचारलं, खरं सांगा. ते म्हणाले, "रंध्याचा घोडा होय." मी म्हटलं, रंध्याले घोडा नसते, पाचर असते. घरचे रंधे मी रोज झाडत होती, सगळ्यांना लाकडाची पाचर. चूल फुंकणाऱ्या बाईनं सुताराले सुतारकाम शिकवलं. दुसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं कोळशानं फरशीवर एक कोपरा काढला, त्याच्याभोवती अर्धा गोल काढला आणि बोट दाखवत राहिले. मी पोछा मारला. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा मी पोळ्या लाटत होती. त्यांच्या दुखऱ्या हातावर लाटणं मारलं. म्हटलं, "गोळी घालीन म्हणालता ना, तर म्हणा हाव. खोटं कशाले बोलता?" त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगले, घोडा हा शब्द पुन्हा काढला नाही. पोळ्याच्या दिवशी लाकडी बैलसुद्धा आणत नव्हते, पोरं घोडा म्हणतील म्हणून.

सुशीलले शाळेत कट्टेवाल्याचा म्हणत. त्यानं एकाचं नाक फोडलं, मग दुसऱ्याचं, आणि एकोणिसाव्या वर्षी बापाचा दात पाडला. या ओसरीत. मी पाहून राहिली होती, अडवलं नाही. सुशील, अग्नी देतानाही तुझं तोंड दुसरीकडे होतं. मले दिसलं.

मी डबा फेकला नाही. नळीची फुंकणी केली, चांगली चाले. स्प्रिंग कवाडाले लावली. पात्यानं बारा वर्षं सुपारी कातरली. घोड्यानं मात्र मी काहीच केलं नाही, तो दिसला की मले राग येई.

कलम ४. शोध कसा लागला. गुंजन लहानपणापासून हा डबा वाजवत होती. औंदा उन्हाळ्यात तिनं फुंकणी, स्प्रिंग, पातं सगळं गोळा केलं आणि सुपेल्यात घेऊन फिरली. एक म्हणाला शिलाई मशीनचं, एक म्हणाला सायकलच्या डायनॅमोचं. एका मेकॅनिकनं डोळा मारून म्हटलं, "बेटी, ये तो कट्टे का घोडा है, किसका है?" मी सोबत होती. त्याच्याच टेबलावरचा पाना उचलून मी त्याच्या बोटांवर मारला. त्याले तोंडात बोटं घालून नाचताना पाहून मले बरं वाटलं, पण त्याची चूक नव्हती. त्याची माफी मागावी. दुकान सुपेला चौकातून डावीकडे, निळं शटर.

घरी येऊन गुंजन पट्ट्या घासून राहिली. मग म्हणाली, "आजी, हे पाह्य ना. दोन्ही पट्ट्या फक्त बाहेरच्या बाजूनं झिजल्या आहेत. म्हणजे ह्या कशावर तरी घासत होत्या."

"चाकू घासला असन."

"नाही वो. अन भोकं पाह्य, तिरपी आहेत. ह्या दोघी काटकोनात बसत होत्या, सुताराच्या गुण्यासारख्या. अन पात्याचं टोक बरोबर कोपऱ्यात येते."

मी म्हटलं, मग काय झालं? पोट्टीनं पाट ओढला. पाटावर दोन खिळे ठोकले, वीतभर अंतरानं. माझ्या पंचांगाचा पुठ्ठा कापून काटकोन केला, कोपऱ्यात पेन्सिल धरली आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू दोन खिळ्यांना टेकवून सरकवत नेला. कोपरा या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत गेला. मागं पेन्सिलीची रेघ. अर्धा गोल, बांगडी फोडल्यासारखा.

मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. तो कोपरा आणि तो अर्धा गोल मी माझ्या हातानं पुसला होता.

"ह्याच्यानं लाकडात अर्धी पन्हाळ कोरतात, आजी," गुंजन म्हणाली. "अशा दोन पन्हाळी समोरासमोर ठेवल्या की आतून गोल नळी. पाइप ओतायच्या साच्यात तेच लागते. साधा रंधा तिथं पोचत नाही. अन हा वाकडा तुकडा पात्यावर चढून बसते, स्प्रिंग त्याले दाबते, पातं हलत नाही. नळी मुठीची, तिच्या आट्यांत लाकूड फिरवून बसते. घोड्यावर माणूस बसते, इथं घोडाच पात्यावर बसला."

रंधा होता. साऱ्या भिलाईत असा कोणाकडं नसन, त्यांनी डोक्यातून काढून बनवला होता.

नत्थू सुतारानं शिसवाचं नवीन लाकूड करून दिलं. नत्थूनं पहिली पन्हाळ काढली तेव्हा छिलका असा निघाला की मी तो गळ्यात घातला. मी हसली, नाचली, गुडघ्याचं ऐकलं नाही. छत्तीस वर्षं मले वाटत होतं, मी एका खुन्याबरोबर संसार केला. तो खुनी नव्हता. सांगायची गोष्ट एवढीच, आणि ऐकणारा मेलेला.

हा रंधा, सर्व भागांसह, गुंजनले द्यावा. तिनं तो कपाटात ठेवू नये, चालवावा.

कलम ५. सुशीलचं म्हणणं. आम्ही दोघी नाचत सुशीलच्या दुकानात गेलो. त्यानं चष्मा काढला, रंधा पाहिला आणि म्हणाला, "माय, लाकूड नवीन आहे. गोष्टही नवीनच आहे."

गुंजन म्हणाली, "पप्पा, पट्ट्या तर जुन्या आहेत ना."

"पट्ट्या जुन्या. त्या कशात बसत होत्या ते कोणी पाहिलं? तू पाहिलं? आजीनं? मी खाटेखाली नळी पाहिली होती, तेवढंच पाहिलं." मग ग्राइंडर सुरू करून आमच्याकडे पाठ केली. जाताना एवढं बोलला, "काकानं पाहिलं असन. काका आपल्या हातानं लिहून देईल तर मानीन. नाहीतर बाबाबद्दल माह्यासमोर बोलायचं नाही."

सुशील, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू मार पाहिला होता, रंधा नाही.

कलम ६. देवरावकडे गेलो ते. देवराव दुर्गले स्टेशनच्या पलीकडं राहते. मी आणि गुंजन ऑटोनं गेलो, रंधा टॉवेलात गुंडाळून.

"या वहिनी," देवराव म्हणाला. "छत्तीस वर्षांनी वाट चुकल्या."

"वाट नाही चुकली. हे पाह्य." मी रंधा त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला.

त्यानं विचारलं नाही, हे काय होय म्हणून. ज्याले माहीत नसते तो विचारते. त्याचा हात आपोआप गेला, अंगठ्यानं घोडा अर्धा डावीकडं फिरवला आणि पातं सुटून त्याच्या हातात आलं. गुंजनले तो घोडा डावीकडं फिरवा लागते हे समजायले दोन दिवस लागले होते.

मग मी त्याले मारलं. चपला बाहेर काढल्या होत्या, म्हणून हातानंच. किती मारलं ते गुंजन सांगन, मी मोजलं नाही. त्याचा चष्मा तुटला, तो भरून देणार नाही. शीला आतून चहा घेऊन आली. तिनं मले अडवलं नाही.

"बाई, काय होय हे?"

मी सांगितलं. सगळं. तिनं ऐकलं आणि त्याले विचारलं, "मले तर तुम्ही म्हणत होते, सख्ख्या भावानं कट्टा बनवला माह्यासाठी, त्यानं माहं डोकं फिरलं. त्या फिरलेल्या डोक्याचा मार मी बत्तीस वर्षं खाल्ला. अन कट्टा नव्हताच?"

तो म्हणाला, "तू आत जा."

गरम चहा त्याच्या मांडीवर पडला. शीलानं ओतला का सांडला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तो ओरडला तेव्हा ती म्हणाली, "फुंका आता."

शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "वहिनी, तुमाले काय पाहिजे ते बोला."

"सही. माह्या मृत्युपत्रावर साक्षीदार हो. अन सहीखाली एक ओळ लिहून दे, तो रंधा होता म्हणून."

"अन मले काय मिळन?"

"काही नाही. वकील म्हणते, ज्याले काही मिळणार त्याले साक्षीदार करू नये. तुले मी सुईसुद्धा देत नाही, म्हणून तुझ्यापेक्षा चांगला साक्षीदार साऱ्या दुर्ग जिल्ह्यात नाही."

तो म्हणाला, येत नाही. शीला म्हणाली, "मी आणते यांना. नाही आले तर भाकर बंद." ती आणते म्हणाली म्हणजे आणन.

कलम ७. बँकेत जे निघन ते गुंजनच्या शिक्षणाले. पेटीतलं लुगडं मले नेसवावं, हिरवं. रडायले भाड्यानं बाई आणू नये, शेजारीण फुकट रडते.

कलम ८. अंमलबजावणी. हा कागद माझ्या तेराव्याले सुशीलनं स्वतः, ओसरीत उभं राहून, गल्लीतल्या लोकांसमोर मोठ्यानं वाचावा. कलम तीनमध्ये लाटण्याचं आहे तिथं वगळू नये. साक्षीदारानं जे लिहिलं असन तेही वाचावं. मी ते आत्ता पाहिलेलं नाही, त्याची जागा कोरी सोडली आहे.

सुशीलनं वाचून झाल्यावर काय करावं हे मी लिहीत नाही. ते घरासारखं नाही, देता येत नाही.

हा माझा शेवटचा मनसुबा. खाडाखोड चार ठिकाणी आहे, ती माझीच. नक्कल गुंजनकडे.

(सही) सिंधुताई हिरालाल मेंढे

साक्षीदार १: अरुणकुमार, शेजारी, कैंप-१, प्लांटातून निवृत्त. सिंधुताईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि मला चहा दोनदा दिला.
(सही) अरुणकुमार

साक्षीदार २: देवराव मेंढे, राहणार दुर्ग. सही माझ्यासमोर झाली. वहिनीनं एक ओळ मागितली होती. तो रंधा होता. दादानं बनवला होता. त्याचं लाकूड मीच होळीत टाकलं.
पुढचं तिनं मागितलं नाही, मी लिहितो. चौकीवर तिन्ही दिवस मी बाहेर बाकावर बसून होतो. आतून दादा घोडा म्हणे आणि मार पडे. पॅटर्न शॉपात मी सात वर्षं होतो, मले अर्थ माहीत होता. दारात जाऊन रंध्याचा, एवढंच म्हणायचं होतं. तिसऱ्या दिवशी दादानं आतून आवाज दिला, "देवराव, तू तरी सांग ना यांना." मी ऐकलं. चहाचा गिलास बाकावर ठेवला आणि घरी आलो.
(सही) देवराव

स्थळ: कैंप-१, भिलाई
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४